पासिंग : कागदाचे की गाडीचे?

(रिक्षा, टेम्पो व मालमोटारचालकांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव असे ज्वलंत प्रश्न समोर असताना वाहनांच्या तपासणीसारखा विषय अभ्यासवर्गात कशासाठी, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. परंतु केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्याच अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवरील अपघातांत मृत्युमुखी पडली. दिवसाला सरासरी ४६२. यात मोटारीच्या काचेआड बसलेल्यांपेक्षा पायी चालणारे, सायकलवरचे, दुचाकीवरचे लोक किती असतील, हे रस्त्यावर वावरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. हे सारे मृत्यू नादुरुस्त वाहनांमुळे झाले, असे कोणी म्हणणार नाही. पण अपघात झाला की पंचनाम्यात ‘अतिवेग’ आणि ‘चालकाचा निष्काळजीपणा’ हे शब्द जितक्या सहजपणे लिहिले जातात, तितक्या सहजपणे ब्रेक का लागला नाही, टायर कोणत्या अवस्थेत होता, याची नोंद होत नाही. चालक पकडला जातो. गाडीला ‘योग्य’ ठरवणारी व्यवस्था मोकळी राहते. म्हणून हा विषय आपला आहे.

आपल्या चालक बंधूंनी या तपासणीला स्वतःचा शब्द दिला आहे : पासिंग. या शब्दाचे दोन प्रयोग कानावर येतात. एक, ‘गाडी पासिंगला नेली’. दुसरा, ‘पासिंग काढून आणले’. पहिल्या वाक्यात गाडी आहे, दुसऱ्यात कागद आहे. गेल्या कित्येक वर्षांत पहिल्या वाक्याकडून दुसऱ्या वाक्याकडे जो प्रवास झाला, तोच आजच्या चर्चेचा विषय आहे.

प्रथम कायदा समजून घेऊ. धंद्यासाठी चालणाऱ्या वाहनाला योग्यता प्रमाणपत्र हवे, ही कल्पना नवी नाही; १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातही ती होती. आज लागू असलेल्या १९८८ च्या कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे असे प्रमाणपत्र नसेल तर त्या वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. २०१८ च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीनुसार नव्या व्यावसायिक वाहनाला पहिले प्रमाणपत्र दोन वर्षांचे मिळते, वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी ते नवे करावे लागते आणि आठ वर्षांनंतर मात्र दरवर्षी. खाजगी मोटारी व दुचाकींची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी वाहन दाखवून नूतनीकरण करावे लागते. धुराची तपासणी, म्हणजे ज्याला आपण पीयूसी म्हणतो, ती याहून वेगळी. पीयूसीचा कागद खिशात असला म्हणजे गाडी पास आहे असे नव्हे.

या नियमामागचे अर्थकारण ध्यानात घेतले पाहिजे. नवी मालमोटार विकत घेतो तो मोठा वाहतूकदार. काही वर्षे ती राबवून तो ती विकतो, मग ती लहान मालकाकडे येते आणि शेवटी कर्ज काढून स्वतःच चालवणाऱ्या मालक-चालकाकडे. म्हणजे वार्षिक तपासणीचा भार नेमका त्याच्यावर पडतो, ज्याची गाडी सर्वांत जुनी आणि खिसा सर्वांत रिकामा. जुन्या गाडीची तपासणी अधिक वेळा व्हावी हे तंत्रदृष्ट्या योग्यच आहे. परंतु तांत्रिकदृष्ट्या योग्य असलेली गोष्ट सामाजिकदृष्ट्या न्याय्य आपोआप होत नाही. ती तशी करावी लागते.

खऱ्या तपासणीत काय होते, हेही कार्यकर्त्याला नीट सांगता आले पाहिजे. ब्रेकची यांत्रिक चाचणी घेताना गाडीची चाके जमिनीत बसवलेल्या रुळांवर उभी करतात. रूळ यंत्राने फिरवले जातात, चालक ब्रेक दाबतो आणि प्रत्येक चाक किती जोराने अडते हे स्वतंत्रपणे मोजले जाते. एकूण जोर गाडीच्या वजनाच्या मानाने पुरेसा आहे का, हा एक प्रश्न. डाव्या आणि उजव्या चाकाच्या जोरात फार तफावत आहे का, हा दुसरा. एका बाजूचा लायनर झिजला असेल तर गाडी थांबते, पण थांबताना एका अंगाला ओढते. पावसाळ्यात घाट उतरताना अशी गाडी कोणीकडे जाईल, हे वेगळे सांगायला नको. दुसऱ्या यंत्रावर पुढची चाके डावी-उजवीकडे हलवून टाय रॉड, किंगपिन यांच्यातील खिळखिळेपणा पाहतात. त्याशिवाय चाकांची सरळ चाल, स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर, हेडलाइटचा झोत, वेगदर्शक काटा, धूर आणि भोंगा यांची तपासणी असते. टायर, काच, वायपर, रिफ्लेक्टर, चासीवरील तडे या गोष्टी डोळ्यांनी पाहायच्या असतात. हे सारे प्रामाणिकपणे झाले तर त्या कागदाला अर्थ आहे.

प्रत्यक्षात काय होत आले? एका निरीक्षकासमोर सकाळपासून गाड्यांची रांग. त्याच्या हाती यंत्र नाही, वेळ नाही. चेसिस नंबर ताडून पाहायचा, दिवे लावायला सांगायचे, गाडी चार पावले पुढे-मागे करायला लावायची आणि सही. या घाईतून आणि या अपुरेपणातूनच एजंट नावाची संस्था जन्माला आली. पासिंगपुरते चांगले टायर उसने आणायचे, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटवायच्या, रंगाचा एक हात मारायचा आणि परतताना टायर परत करायचे, हा प्रकार कोणाला ठाऊक नाही? यात चालकाला दोष देणे सोपे आहे. पण ज्या तपासणीत टायरचा रंग पाहिला जातो आणि ब्रेकचा जोर पाहिला जात नाही, त्या तपासणीला सामोरा जाणारा माणूस दुसरे काय शिकणार?

या परिस्थितीविरुद्ध पुण्यातील एका नागरिकाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ब्रेक तपासण्यासाठी किमान २५० मीटर लांबीचा चाचणी पथ असल्याखेरीज प्रमाणपत्रे देऊ नयेत, अशी भूमिका न्यायालयाने घेतली आणि शासनाला त्याप्रमाणे पथ बांधणे भाग पडले. निर्णय स्वागतार्ह होता. पण त्याची अंमलबजावणी कशी झाली पाहा. शहरांतील परिवहन कार्यालयांकडे इतकी सलग जागा नव्हती, म्हणून तपासणी गावाबाहेर गेली. पुण्याच्या गाड्यांना दिवे घाट चढून पलीकडे दिव्याच्या पथावर जावे लागू लागले. शहरात दिवसभर फिरून पोट भरणाऱ्या रिक्षाचालकाने रिकामी रिक्षा घाट चढवून न्यायची, रांगेत उभे राहायचे, कागदपत्रात काही कमी निघाले तर परत यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच घाट. त्या दिवसाची कमाई बुडाली, गॅस जळाला आणि मालकाचे रोजचे भाडे मात्र चुकले नाही. सुरक्षिततेची किंमत ज्याने मोजली त्याला ती मोजण्याबद्दल कोणी विचारले नव्हते.

त्यानंतर २०१९ ची कायदादुरुस्ती आली आणि तपासणी स्वयंचलित केंद्रांतच व्हावी असे ठरले. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये अशा केंद्रांचे नियम निघाले. अंमलाची तारीख पुढे ढकलत ढकलत १ ऑक्टोबर २०२४ करण्यात आली. जेथे असे केंद्र उभे आहे त्या हद्दीतील मालवाहू व प्रवासी वाहनांना तेथेच जावे लागेल, अशी ती व्यवस्था. यंत्राने मोजलेला आकडा थेट संगणकात जावा, माणसाच्या मर्जीला वाव राहू नये, हा त्यामागचा हेतू. केंद्र चालवणाऱ्याने वाहनदुरुस्तीचा, वाहनविक्रीचा किंवा सुट्या भागांचा धंदा करू नये, हीही अट नियमांत आहे आणि ती रास्त आहे. परंतु ही केंद्रे शासन स्वतः चालवू शकते तशीच खाजगी कंपन्या, संस्था व व्यक्तीही चालवू शकतात. खाजगी भांडवल कोठे जाते? जेथे गाड्यांची गर्दी आहे तेथे. पुणे, ठाणे, नागपूर यांना केंद्र मिळेल. गडचिरोलीच्या एटापल्लीतला जीपवाला किंवा नंदुरबारच्या अक्कलकुव्यातला टेम्पोवाला कोणत्या केंद्रावर जाणार? लोकसंख्या विरळ म्हणून केंद्र परवडत नाही, हे उत्तर कंपनी देऊ शकते. शासनाला ते देता येणार नाही, कारण सक्ती शासनाने केली आहे. सक्ती ज्याची, सोय त्याची, हा साधा न्याय आहे.

आता पैशाचा हिशेब. २०१६ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने नियम केला की प्रमाणपत्राची मुदत उलटल्यावर प्रत्येक दिवसाला ५० रुपये जादा आकारावे. पन्नास रुपये ऐकायला किरकोळ वाटतात. पण चालक आजारी पडला, गाडी दारात वर्षभर उभी राहिली, तर ३६५ दिवसांचे १८,२५० रुपये होतात. जी गाडी रस्त्यावर आलीच नाही, तिने कोणाचा जीव धोक्यात घातला? मे २०२४ मध्ये महाराष्ट्रात या आकाराची वसुली सुरू झाली, तेव्हा रिक्षा-टॅक्सीचालक रस्त्यावर उतरले आणि राज्य सरकारला ती स्थगित करावी लागली. दुसरीकडे १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील वाहनांच्या प्रमाणपत्राची फी वाढवून तीनचाकीसाठी ३,५०० रुपये आणि अवजड वाहनासाठी १२,५०० रुपये करण्यात आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये वाढीव दर पंधराऐवजी दहा वर्षांपासूनच लावण्याचा नियम निघाला. जुनी गाडी सुरक्षित नसेल तर ती नापास करा. त्याला आमचा विरोध असणार नाही. पण जी गाडी यंत्रावर उभी राहून पास होते, तिच्याकडून केवळ तिच्या वयासाठी दंडासारखी रक्कम घेणे ही सुरक्षितता नव्हे. ती गरिबाच्या हातून गाडी सोडवून घेण्याची युक्ती आहे.

येथे मला आपल्या चळवळीलाही दोन शब्द सांगायचे आहेत. फीवाढीविरुद्ध लढताना ‘तपासणीच नको’ इथपर्यंत आपण घसरता कामा नये. ब्रेक निकामी झाला तर सर्वांत आधी मरतो तो चालकच. त्याची जागा गाडीच्या तोंडाशी असते. मालक घरी असतो, विमा कंपनी कार्यालयात असते. आणि प्रमाणपत्राची मुदत संपलेली असेल, तर त्याच कारणावरून विमा कंपनी भरपाईचा दावा नाकारू पाहते. मेलेल्या चालकाची विधवा आणि अपघातात पाय गमावलेला पादचारी, दोघांनाही मग वर्षानुवर्षे न्यायाधिकरणाचे उंबरठे झिजवावे लागतात. खरी तपासणी हा कामगाराचा हक्क आहे. पगारी चालकाने तर मालकाला ठणकावून सांगितले पाहिजे की नादुरुस्त गाडी मी रस्त्यावर काढणार नाही. कारखान्यातल्या कामगाराने यंत्राला संरक्षक जाळी मागावी, तशीच ही मागणी आहे.

इतर देशांत हे कसे चालते, याकडेही एक दृष्टिक्षेप टाकू. ब्रिटनमध्ये १९६० साली दहा वर्षांहून जुन्या मोटारींची वार्षिक चाचणी सुरू झाली. ही मर्यादा पुढच्याच वर्षी सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणली गेली. लोक तिला ‘एमओटी’ म्हणतात. तेथे खाजगी मोटारही या चाचणीतून सुटत नाही, ही आपल्याकडच्या व्यवस्थेपेक्षा वेगळी बाब. गावोगावच्या अधिकृत गॅरेजांत ही चाचणी होते. निळ्या पाटीवर तीन पांढऱ्या त्रिकोणांचे चिन्ह दारावर दिसले की ते चाचणी केंद्र. जास्तीत जास्त फी किती घ्यायची हे सरकार ठरवते. चाचणी पाहण्याचा अधिकार गाडीवाल्याला असतो. गाडीचा क्रमांक दिला की तिच्या आधीच्या चाचण्यांचा इतिहास कोणालाही विनामूल्य पाहता येतो. त्या पद्धतीत दोष नाहीत असे नव्हे. जो गॅरेजवाला तपासतो तोच दुरुस्तीही करतो, त्यामुळे नसलेला दोष काढण्याचा मोह त्याला होऊ शकतो. पण त्यावरचा एक उतारा आपण लक्षात ठेवण्याजोगा आहे : तेथील काही नगरपालिकांची स्वतःच्या वाहनांसाठी उभारलेली चाचणी केंद्रे सामान्य नागरिकांनाही खुली असतात आणि तेथे बाहेरच्यांच्या गाड्यांची दुरुस्ती सहसा केली जात नाही. उत्तर आयर्लंडमध्ये तर ही चाचणी सरकारी केंद्रांतच होते. म्हणजे भांडवलशाही देशातही ही सेवा सार्वजनिक क्षेत्रात चालू शकते.

आपल्या राज्यात अशी सोय कोठे उभी करता येईल? राज्य परिवहन महामंडळाची आगारे जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत पसरलेली आहेत. तेथे जागा आहे, कुशल यंत्रकामगार आहेत, रस्त्याची जोड आहे. एसटीच्या विभागीय कार्यशाळांलगत, पण त्यांच्या कारभारापासून वेगळी अशी सार्वजनिक तपासणी केंद्रे शासनाने का उभारू नयेत? जो दुरुस्त करतो त्याने तपासू नये हे तत्त्व पाळून हे सहज शक्य आहे. आणि जेथे कायमचे केंद्र परवडत नाही, तेथे ठरलेल्या दिवशी तालुक्याला येणारे फिरते तपासणी पथक असावे. रक्तदानाचे शिबिर गावात येऊ शकते, तर ब्रेक मोजणारे यंत्र गाडीवर बसवून का येऊ शकत नाही?

या मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्याने काय करावे, तेही सांगतो. आपल्या रिक्षाथांब्यावर, टेम्पो स्टँडवर एक वही ठेवा. प्रत्येक गाडीचा क्रमांक आणि प्रमाणपत्राची मुदत त्यात लिहा आणि महिनाभर आधी चालकाला आठवण द्या. बहुतेक दंड अज्ञानातून होतात. अर्ज केंद्राच्या ‘परिवहन’ या संकेतस्थळावरून करायचा असतो. फी तेथेच भरून तपासणीचा दिवस घेता येतो. आपल्या हद्दीत कोणते केंद्र चालू आहे, हे परिवहन कार्यालयाने फलकावर लावावे असा आग्रह धरा आणि तोवर स्वतः विचारून ती माहिती थांब्यावर लावा. अंगठ्याने मोबाईल चालवता न येणाऱ्या वयस्क चालकाला एजंटाच्या दारात जाऊ देऊ नका. संघटनेच्या कार्यालयात बसून त्याचा अर्ज भरून द्या. एजंटाविरुद्ध शंभर भाषणे करण्यापेक्षा एक अर्ज फुकट भरून देणे अधिक परिणामकारक असते.

गाडी नेण्यापूर्वी मेकॅनिककडून लायनर, टायर, दिवे, वायपर, स्टिअरिंगचा खेळ पाहून घ्या. नोंदणी पुस्तक, विमा, परमिट, पीयूसी, कर भरल्याची पावती बरोबर ठेवा. गाडी नापास झाली तर कोणत्या चाचणीत, याचा लेखी अहवाल मागून घ्या. तोंडी ‘नाही होत’ हे उत्तर स्वीकारू नका. दुरुस्ती करून, पुन्हा फी भरून फेरतपासणी होते. स्वयंचलित केंद्राच्या नियमांप्रमाणे फेरतपासणीतही नापास झालेली गाडी आयुष्य संपलेली ठरवली जाऊ शकते, आणि त्यावर अपील करण्याची तरतूद आहे. म्हणून हा अहवाल म्हणजे साधा कागद नव्हे. एखाद्या कुटुंबाचे उत्पन्नाचे साधन राहणार की जाणार, याचा तो निवाडा आहे. असा निवाडा देणाऱ्या यंत्राची स्वतःची तपासणी कोण, केव्हा करते, हे विचारण्याचा अधिकार चालकाला असलाच पाहिजे.

आणखी एक काम. ‘एम-परिवहन’ या मोबाईलवरील सोयीत वाहनाचा क्रमांक घातला की त्याच्या योग्यता प्रमाणपत्राची मुदत दिसते. आपल्या वस्तीतील मुले ज्या शाळेच्या बसमधून जातात, त्या बसचा क्रमांक पाहा. महाराष्ट्रात २०११ च्या नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असावी लागते आणि तिच्यावर पालकांचा प्रतिनिधी असतो. ती समिती बहुतेक ठिकाणी कागदावर आहे. ती भरवा, तिच्यापुढे बसची प्रमाणपत्रे मागा. चालकांची संघटना आणि पालकांची समिती एकत्र आली, तर सुरक्षिततेचा प्रश्न ‘रिक्षावाले विरुद्ध प्रवासी’ असा मांडून लोकांत फूट पाडणाऱ्यांचे काम अवघड होईल.

मित्रहो, आपल्या मागण्या थोडक्यात अशा : तपासणी खरी हवी, जवळ हवी, फी माणसाच्या कुवतीची हवी, निकाल लेखी व खुला हवा आणि उभ्या गाडीवरचा दररोजचा आकार कायमचा रद्द हवा. यांतील पहिली मागणी सोडून बाकीच्या केल्या तर आपण केवळ एका धंद्याचे प्रवक्ते ठरू. बाकीच्या सोडून पहिली केली तर गरीब चालकाचा बळी देऊन शहरी सुखवस्तूंची वाहवा मिळवू. पाचही एकत्र लढवल्या, तरच ही चळवळ चालकाची आणि पादचाऱ्याचीही होईल. येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातून तपासणी केंद्रापर्यंतचे अंतर, तेथे जाण्यायेण्यात बुडणारी मजुरी आणि द्यावी लागणारी एकूण रक्कम यांची पाहणी करून ती लेखी स्वरूपात आणावी. ते आकडे हाती आले की परिवहन आयुक्तांच्या दारात आपण रिकाम्या हाताने उभे राहणार नाही.